आकाशाला जागल्या हवा

२०२५ च्या फेब्रुवारीत एक आकडा चढत होता. २०२४ वायआर४ नावाचा साधारण साठ मीटरचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या शेवटी एक टक्क्यापलीकडे गेली, मग दोन टक्के झाली, आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली. आघात झालाच तर तो कुठे होऊ शकेल, याचा पट्टा पॅसिफिकच्या पूर्व भागातून निघून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत येत होता. त्यानंतर आठवडाभरात आकडा कोसळला आणि जवळजवळ शून्य झाला. लोकांनी सुस्कारा सोडला आणि बरेच जण म्हणाले, शास्त्रज्ञांनी उगाच घाबरवलं.

हे बोलणं मला मनापासून खटकलं, कारण त्या तीन-चार आठवड्यांत जे झालं ते अगदी जसं व्हायला हवं तसंच झालं. समजा, दहा खोल्यांच्या घरात किल्ली हरवली आहे. ती तुमच्या खोलीत असण्याची शक्यता दहा टक्के. तीन खोल्या धुंडाळल्या, मिळाली नाही. आता तुमच्या खोलीचा वाटा चौदा टक्क्यांवर गेला. आठ खोल्या झाल्या की पन्नास टक्के. किल्ली जागची हललेली नाही, फक्त शोधायची जागा कमी झाली. मग नववी खोली, शेजारची, उघडली आणि किल्ली तिथे सापडली. तुमच्या खोलीचा वाटा पन्नासावरून एका क्षणात शून्य. लघुग्रहाची कक्षा अशीच ठरते. पहिल्या काही रात्रींच्या निरीक्षणांवरून तो २०३२ मध्ये कुठे असेल याचा पट्टा लाखो किलोमीटर लांब असतो. नवी निरीक्षणं येतात तसा पट्टा आखडतो आणि पृथ्वी जोवर त्या पट्ट्यात आहे तोवर तिचा वाटा वाढतच जातो. बहुतेक वेळा शेवटी पृथ्वी पट्ट्याबाहेर पडते. ॲपोफिस या दुसऱ्या एका लघुग्रहाच्या बाबतीत २००४ च्या डिसेंबरात आकडा २.७ टक्क्यांपर्यंत चढला होता, तोही असाच उतरला.

हे सगळे आकडे रोजच्या रोज सर्वांसमोर मांडले जात होते, आणि ते तसेच मांडले जायला हवेत. ‘घबराट होईल’ म्हणून ते दाबून ठेवावेत असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. एकदा आकडा लपवला की पुढच्या वेळी खरा आकडाही कुणी मानणार नाही.

मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा दगड सापडला २७ डिसेंबर २०२४ रोजी. पृथ्वीच्या सर्वांत जवळून, सव्वाआठ लाख किलोमीटरवरून, तो गेला होता २५ डिसेंबरला. म्हणजे येताना तो कुणालाच दिसला नाही, पाठ फिरवून जाताना दिसला. तो सूर्याच्या बाजूने आला होता आणि दिवसाच्या आकाशात आपल्या दुर्बिणी आंधळ्या असतात. ज्या दुर्बिणीने त्याला पकडलं ती चिलीत आहे, ॲटलास नावाच्या प्रकल्पाची. ती कामाला लागली २०२२ च्या सुरुवातीला. त्याआधी ऑस्ट्रेलियात सायडिंग स्प्रिंग इथे दक्षिणेकडचं आकाश चाळणारं एक सर्वेक्षण होतं. ते २०१३ मध्ये पैसे थांबले म्हणून बंद पडलं. चिलीत आणि दक्षिण आफ्रिकेत ॲटलासच्या दुर्बिणी उभ्या राहीपर्यंत, आठ वर्षांहून अधिक काळ, दर काही रात्रींनी सगळं दक्षिण आकाश पिंजून काढणारी तशी यंत्रणाच नव्हती. वायआर४ ला पृथ्वीजवळ यायला तीन वर्षं आधीचा मुहूर्त मिळाला असता, तर तो आपल्या लक्षातच न येता निघून गेला असता, असं मानायला बरीच जागा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. लघुग्रहांवर नजर ठेवणं याला आपण ‘विज्ञान प्रकल्प’ समजतो. प्रकल्पाला सुरुवात असते, मुदत असते, मंजुरी असते, आणि पैसा कमी पडला की त्याच्यावर कात्री चालते. हे काम तसं नाही. हे जागल्याचं काम आहे. धरणाच्या पाण्याची पातळी मोजणारा, दीपस्तंभाचा दिवा लावणारा, भूकंपमापकाची नोंद ठेवणारा माणूस जसा नेमून दिलेला असतो, तसा आकाशाला कायमचा जागल्या हवा आणि त्याचा पगार सगळ्या देशांनी मिळून द्यायला हवा. आज बहुतांश शोध एकाच देशाच्या, अमेरिकेच्या, तिजोरीवर चालले आहेत. त्या देशाने हे केलं याबद्दल कृतज्ञ राहायला हवं, पण साऱ्या पृथ्वीची राखण एका देशाच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर सोडणं हा शहाणपणा नव्हे.

हे काम प्रत्यक्षात कसं असतं ते मी थोडंसं जवळून पाहिलं आहे. सर्वसामान्यांना दुर्बिणीची छायाचित्रं तपासायला देणाऱ्या शोधमोहिमा असतात, त्यांतल्या एकीत मी काही महिने बसलो. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो येतात, काही काही मिनिटांच्या अंतराने घेतलेले. ते एकामागून एक पडद्यावर फिरवत राहायचं. करड्या पार्श्वभूमीवर शेकडो काळे ठिपके, सगळे तारे, सगळे स्थिर. डोळ्यांना पाणी येतं. कॅमेऱ्याचे दोष ठिपक्यांसारखे दिसतात, उपग्रहांच्या रेघा आडव्या जातात. आणि मग एखाद्या वेळी, कोपऱ्यात, एक फिकट ठिपका चारही चित्रांत एका सरळ रेषेत, सारख्या अंतराने पुढे सरकताना दिसतो. तो क्षण मी विसरणार नाही. मी खूण केलेला तो ठिपका मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला, आधीच माहीत असलेला लघुग्रह निघाला. पण त्या सरकण्याकडे बघताना पहिल्यांदा अंगावर काटा आला, कारण कळलं की आपल्या सुरक्षिततेचं सगळं शास्त्र या एवढ्याशा हालचालीवर उभं आहे. कुणीतरी त्या रात्री तिकडे बघत होतं म्हणून ती नोंदली गेली. नसतं बघत तर ठिपका तसाच सरकला असता.

मोठी कामं आता अर्थातच यंत्रं करतात. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये पहिली छायाचित्रं दाखवली, तेव्हा अवघ्या दहा-एक तासांच्या निरीक्षणांत दोन हजारांहून जास्त नवे लघुग्रह सापडले होते, त्यांतले सात पृथ्वीच्या परिसरात येणारे. सगळीकडची निरीक्षणं मायनर प्लॅनेट सेंटर या एका ठिकाणी जमतात, तिथून कक्षा निघते आणि सगळ्यांना खुली होते. ही व्यवस्था सुंदर आहे. तिच्यात भोकं कुठे आहेत तेही माहीत आहे, आणि माहीत असून ती बुजलेली नाहीत, हे दुखणं आहे.

एक किलोमीटरहून मोठे पृथ्वीसमीप लघुग्रह जवळजवळ सगळे, पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास, आपल्याला माहीत आहेत. नव्वद टक्के शोधायचे असं उद्दिष्ट अमेरिकेने १९९८ मध्ये ठरवलं आणि ते साधारण बारा वर्षांत गाठलं गेलं. काम नेमून दिलं की होतं, याचा हा पुरावाच. २००५ मध्ये तिथल्या कायद्याने पुढचं उद्दिष्ट दिलं: १४० मीटरहून मोठ्यांपैकी नव्वद टक्के, २०२० पर्यंत. २०२० उलटून गेलं आणि असे जे अंदाजे पंचवीस हजार असावेत, त्यांतले निम्मेसुद्धा अजून सापडलेले नाहीत. १४० मीटरचा दगड एखादा प्रांत उजाड करू शकतो. उरलेले शोधायला अवरक्त दुर्बीण लागते, कारण कोळशासारखा काळा लघुग्रह प्रकाशात जवळजवळ दिसत नाही, पण सूर्याने तापलेला असल्याने उष्णतेत उजळून दिसतो. अशी दुर्बीण अवकाशात, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर सूर्याच्या दिशेने ठेवायची, म्हणजे सूर्याच्या बाजूचं आकाशही बरंच जवळपर्यंत चाळता येईल, ही कल्पना जवळपास वीस वर्षं जुनी आहे. आज तिचं नाव निओ सर्व्हेयर. २०२२ मध्ये दुसऱ्या मोहिमांना प्राधान्य द्यायचं म्हणून हिच्या पैशाला कात्री लावण्याचा प्रस्ताव आला आणि उड्डाण मागे ढकललं गेलं. आता २०२७ च्या आधी ते होणार नाही. त्या दुसऱ्या मोहिमा वाईट होत्या असं मी म्हणत नाही, त्यांचा मीही चाहता आहे. पण राखणीला आणि शोधमोहिमेला एकाच ताटात वाढलं की राखण उपाशी राहते, कारण तिच्याकडे दाखवायला काही नसतं. तिचं यश म्हणजे काहीच न घडणं.

काही घडतं तेव्हा काय होतं, ते १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्कने पाहिलं. साधारण वीस मीटरचा दगड, सेकंदाला १९ किलोमीटर वेग, आणि तोही सूर्याच्याच बाजूने आलेला. त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह पृथ्वीपासून २७,७०० किलोमीटरवरून जाणार हे वर्षभर आधी माहीत होतं आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले होते. याची कुणाला चाहूलही नव्हती. आकाशात सूर्याहून प्रखर झोत दिसला. लोक बघायला खिडक्यांशी धावले. आघातलाट प्रकाशाच्या बऱ्याच मागून येते. ती आली आणि काचा फुटल्या. सुमारे पंधराशे लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. एका शाळेत एका शिक्षिकेने, हे काय आहे ते तिलाही ठाऊक नसताना, मुलांना बाकांखाली जायला लावलं. ती स्वतः उभी राहिली आणि काचेने चिरली गेली. तिच्या वर्गातल्या एकाही मुलाला काच लागली नाही.

मी ही घटना पुन्हा पुन्हा आठवतो, कारण त्या दिवशी लोकांना अग्निबाण नको होते, अणुबाँब नको होते. एक वाक्य हवं होतं: उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हा. ते एक दिवस आधी सांगता येतं, हे त्याआधी चार वर्षं सिद्धही झालेलं होतं. ६ ऑक्टोबर २००८ रोजी ॲरिझोनातल्या कॅटालिना सर्वेक्षणाला एक चार मीटरचा दगड दिसला. काही तासांत गणित झालं की तो सुदानच्या वाळवंटावर फुटणार, आणि सापडल्यापासून वीस तासांच्या आत तो तिथेच फुटला. पुढे विद्यार्थ्यांनी वाळवंट पायी तुडवून त्याचे शेकडो तुकडे गोळा केले. आधी सापडून मग वातावरणात शिरलेले असे दगड आता दहाहून अधिक झाले आहेत. लहान दगडांसाठी इशारा पुरतो, पण तो देणारा त्या रात्री जागा असावा लागतो आणि त्याची दुर्बीण चालू असावी लागते.

मोठ्या दगडांसाठी वेळ लागतो, आणि इथे थोडं गणित करू या. पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावते आणि तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या रुंदीइतकं अंतर ती सात मिनिटांत कापते. दगड चौकात सात मिनिटं उशिरा किंवा लवकर पोचला तर टक्कर टळली. त्याला फोडायचं नाही, उडवायचं नाही, फक्त त्याचं वेळापत्रक चुकवायचं. सेकंदाला एक सेंटिमीटर इतका वेग त्याच्या मार्गाच्या दिशेने बदलला, तर दहा वर्षांत साधा हिशेब तीन हजार किलोमीटरचा होतो आणि कक्षेच्या यांत्रिकीमुळे प्रत्यक्षात तो तिपटीच्या घरात जातो. म्हणजे पृथ्वीची त्रिज्या ओलांडून पलीकडे. तोच धक्का एक वर्ष आधी दिला तर अंतर दहाव्या हिश्शावर येतं आणि काही उपयोग होत नाही. आधी सापडलेला प्रत्येक महिना धक्क्याची ताकद वाढवत असतो.

धक्का देता येतो, हे २६ सप्टेंबर २०२२ रोजी दिसलं. डार्ट नावाचं साडेपाचशे किलोच्या वरचं यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फस या १६० मीटरच्या खडकावर आदळलं. डायमॉर्फस हा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारत असे. आता ती ११ तास २३ मिनिटांच्या आसपास होते. माणसाने एका खगोलीय वस्तूची कक्षा मुद्दाम बदलली, हे पहिल्यांदा घडलं. त्या रात्री यानाच्या कॅमेऱ्यात दगडगोटे मोठे मोठे होत गेले आणि शेवटचं चित्र अर्ध्यात तुटलं. एवढ्या मोठ्या विश्वात आपण निदान एका संकटापुढे हतबल नाही, हे बघून माझे डोळे भरून आले. सगळा खर्च सुमारे ३३ कोटी डॉलर. एका मोठ्या प्रवासी विमानाची छापील किंमत याच घरात असते.

पण डिडिमॉसला चंद्र, म्हणजे हा डायमॉर्फस, आहे याची खात्री करून देण्यात वाटा होता आरेसिबोच्या रडारचा, २००३ मध्ये. पोर्तो रिकोतली ३०५ मीटरची ती थाळी जवळून जाणाऱ्या लघुग्रहांचं अंतर आणि आकार अतिशय बारकाईने सांगत असे. २०२० मध्ये तिच्या वरच्या मंचाला तोलून धरणाऱ्या दोन तारा आधी तुटल्या आणि १ डिसेंबरला तो अख्खा मंच थाळीवर कोसळला. पुन्हा उभारायची नाही, असं दोन वर्षांनी ठरलं. डार्टचं यश जगाने साजरं केलं ते याच काळात.

आता आक्षेप. गेल्या शंभर वर्षांत अवकाशातल्या दगडाने माणूस दगावल्याची निर्विवाद सिद्ध झालेली घटना नाही. पूर, दुष्काळ, साथी रोज माणसं मारतात. मग पैसा तिकडे का नको? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. पुराचा पैसा काढून लघुग्रहांना द्या असं कुणी म्हणालं तर मीही विरोध करीन. पण तुलना तशी नाहीच. ही राखण अंतराळावर होणाऱ्या खर्चाचाच एक लहानसा तुकडा मागते. आणि ‘आजवर झालं नाही’ हा हिशेब इथे फसवा आहे. ३० जून १९०८ रोजी सैबेरियात तुंगुस्का नदीच्या काठी अवकाशातून आलेला एक दगड हवेत फुटला आणि दोन हजार चौरस किलोमीटरचं जंगल आडवं झालं. तिथे वस्ती जवळजवळ नव्हती, त्यामुळे शास्त्रज्ञांची पहिली तुकडी पोचायलाही १९२७ उजाडलं. तो शहरावर फुटला असता तर आज हा आक्षेप कुणी घेतला नसता. शिवाय भूकंप रोखता येत नाही, ज्वालामुखी रोखता येत नाही. इथे मात्र तारखेसकट आधी कळू शकतं आणि टाळताही येतं. टाळता येणारं संकट अंगावर घेण्याला मी नशीब म्हणणार नाही.

मला जास्त छळतो तो दुसराच प्रश्न, ज्याची चर्चा फारशी होत नाही. लघुग्रहाला ढकललं की त्याचा संभाव्य आघातबिंदू एकदम पृथ्वीबाहेर उडी मारत नाही. तो त्या पट्ट्यावरून सरकत सरकत कडेला जातो आणि मग बाहेर पडतो. वायआर४ चा पट्टा आठवा, किती देश होते त्यात. समजा मोहीम अर्धीच यशस्वी झाली. आधी जिथे तो पडणार होता तो देश वाचला आणि पट्ट्यावरचा दुसरा देश, जो सुरक्षित होता, धोक्यात आला. ढकलायचं कुठल्या दिशेने, हे कोण ठरवणार? ज्याच्याकडे यान आहे तो? ज्यांच्या डोक्यावरून पट्टा जातो पण ज्यांच्याकडे अग्निबाण नाहीत, त्यांना मत आहे की नाही? वेळ कमी असेल आणि अणुस्फोटाखेरीज मार्ग नसेल, तर १९६३ चा अवकाशात अणुस्फोटांना बंदी घालणारा करार आणि १९६७ चा बाह्य अवकाश करार यांचं काय करायचं? संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीतून एक इशारा देणारं जाळं आणि एक मोहिमांचा सल्ला देणारा गट उभा राहिला आहे. वायआर४ च्या वेळी त्या जाळ्याने पहिल्यांदाच अधिकृत इशारा दिला आणि ते काम चोख झालं. पण हे दोन्ही गट सल्ला देतात, निर्णय घेत नाहीत. निर्णयाची खुर्ची रिकामी आहे. ती भरायची वेळ संकट नसतानाच असते; दगड एका विशिष्ट देशाच्या दिशेने निघाल्यावर त्या खुर्चीसाठी निःपक्षपाती माणूस कुठून आणणार?

म्हणून मागणं अगदी ठोस आहे. प्रत्येक देशाने आपल्या अंतराळखर्चाचा एक ठरलेला, लहान हिस्सा या राखणीसाठी बाजूला काढावा आणि दुसऱ्या मोहिमेसाठी त्याला हात लावू नये. दोन्ही गोलार्धांत एकाहून जास्त सर्वेक्षणं असावीत, म्हणजे एक बंद पडलं तर आकाश उघडं पडणार नाही. सूर्याच्या बाजूला बघणारी एकच नव्हे, दुसरीही दुर्बीण हवी. आरेसिबोच्या जागी नवं रडार हवं. आणि ढकलण्याचा निर्णय कोण, कसा घेणार याचा करार हवा, ज्यात यान नसलेल्या देशांनाही मत असेल.

१३ एप्रिल २०२९ रोजी ॲपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, आपल्या दळणवळणाच्या भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. तो आदळणार नाही, निदान शंभर वर्षं नाही, हे २०२१ मध्ये रडारने पक्कं केलं आहे. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी ताऱ्यांमधून सरकताना दिसेल. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष लघुग्रहांच्या जाणीवजागृतीसाठी जाहीरही केलं आहे. करार मांडायला याहून चांगला मुहूर्त नाही. दरम्यान पुढच्या अमावास्येच्या आसपास, आकाश काळं असताना, चार चार फोटोंचे नवे संच येतील. मी पुन्हा बसणार आहे.